टाकळा व त्यासारख्या वनस्पतींची ओळख

टाकळा (शास्त्रीय नाव: सेना टोरा) ही शिंबावंत कुळातील, पावसाळ्यात उगवणारी वर्षायू वनस्पती आहे. मराठवाड्यात व विदर्भात तिला तरोटा असेही म्हणतात. बीड जिल्ह्यातील केज परिसरासह मराठवाड्यात बांध, पडीक जमीन व रस्त्याच्या कडेला ती विपुल उगवते. तिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. याच प्रजातीतील कासविंदा मात्र विषारी असल्याने या वनस्पतींमधील फरक ओळखणे महत्त्वाचे ठरते.

ओळखीची लक्षणे

पिवळी पाच पाकळ्यांची फुले व संयुक्त पाने या सर्व जातींत आढळतात. टाकळा व कासविंदा या दोन्हींची पाने चुरगळल्यास उग्र वास येतो. त्यामुळे फूल किंवा वास यांवरून ओळख पटत नाही. पर्णिका, पानावरील ग्रंथींची जागा व शेंग ही लक्षणे एकत्रित पाहावी लागतात.

* टाकळा: पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या, पर्णिका टोकाकडे रुंद व गोलसर. खालच्या दोन जोड्यांमध्ये प्रत्येकी एक बारीक ग्रंथी. शेंग लांब, अरुंद व बाकदार.
* कासविंदा (सेना ऑक्सिडेंटॅलिस): पर्णिकांच्या तीन ते सहा जोड्या, पर्णिका टोकदार. देठाच्या तळाजवळ एकच ग्रंथी. शेंग चपटी, कडा फिकट.
* सेना सोफेरा: ग्रंथी कासविंद्याप्रमाणेच तळाशी, परंतु पर्णिका अधिक व अरुंद, शेंग फुगीर.
* तरवड (सेना ऑरिक्युलाटा): बहुवर्षायू झुडूप. प्रत्येक जोडीमध्ये ग्रंथी, देठाशी मोठी मूत्रपिंडाकृती उपपर्णे, शेंग पातळ व चपटी. साल कातडी कमावण्यासाठी वापरतात.

सेना ऑब्ट्युसिफोलिया ही जाती टाकळ्याशी इतकी मिळतीजुळती आहे की दोहोंत नेहमी गल्लत होते. तिच्यात ग्रंथी केवळ सर्वांत खालच्या जोडीत असते.

विषबाधा

पश्चिम उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यात लहान मुलांना होणाऱ्या एका प्राणघातक आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. या आजारात यकृत, स्नायू व मेंदू यांवर परिणाम होतो. कोवळ्या रोपाला फुले व शेंगा नसतात. त्यामुळे भाजी खुडताना पर्णिकांचा आकार व ग्रंथींची जागा हीच लक्षणे उपयोगी पडतात.

नामकरण

लिनिअसने १७५३ मध्ये टाकळा व कासविंदा या दोन्हींचे वर्णन कॅसिया या प्रजातीत केले. १९८२ मध्ये अर्विन व बार्नेबी यांनी कॅसियाची नव्याने विभागणी करून सेना ही स्वतंत्र प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली. जुन्या ग्रंथांत या वनस्पती कॅसिया याच नावाने आढळतात.