चौकटीचे माप आणि कडेची माणसे



चित्राची चौकट चारास तीन असावी, असे निसर्गाने कुठे लिहून ठेवलेले नाही. ते एडिसनच्या प्रयोगशाळेत ठरले. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या हाताखालच्या डिक्सनने ७० मिलिमीटरची फिल्म उभी चिरून ३५ची पट्टी केली, कडेने भोके पाडली आणि चार भोकांच्या उंचीचे एक चित्र धरले. सिनेमाने ते माप उचलले, मागून दूरचित्रवाणीनेही. बार्नाकने तीच पट्टी आडवी धरून लायका कॅमेरा बनविला. तिथे तिनास दोन झाले. सोळास नऊ हे तर १९८०च्या दशकातले, कर्न्स पॉवर्स या अमेरिकन इंजिनिअरचे. नवा पडदा आला की जुन्या चित्रावर कात्री, हे ओघाने आलेच.

ही कात्री आज एका ओळीच्या हुकमावर चालते. १९८७ साली ड्यू पाँट या रसायन कंपनीतल्या जॉन क्रिस्टीने इमेजमॅजिक हा प्रोग्रॅम लिहिला. १९९० साली तो सर्वांना फुकट खुला झाला. कंपनीने आपला हक्क सोडला. मालकांशी वाटाघाटी करण्यात माझी उमर गेली, म्हणून हे मुद्दाम सांगतो!

माउसला हात न लावता लिहायचे: मध्य धर, अमुक प्रमाणात काप. मग हजार चित्रे असोत, यंत्र कंटाळत नाही. पण पाहतही नाही. ६००० बाय ४००० ठिपक्यांचे चित्र चौरस करा: दोन्ही बाजूंचे हजार-हजार ठिपके, म्हणजे एक तृतीयांश चित्र गेले. आणि यातला ‘मॉग्रिफाय’ हा हुकूम वेगळी जागा सांगितली नाही, तर मूळ चित्रावरच नवे लिहितो.

आमच्या कचेरीत हेच झाले. एका उत्साही पोराने संपाच्या मोर्च्याची सगळी चित्रे एका ओळीत चौरस केली. मधले पुढारी शाबूत राहिले. त्यांत मीही होतो. बॅनरचे बांबू धरून दोन टोकांना चालणाऱ्या दोघी बाया गेल्या. पोरावर काय रागवायचे? प्रत काढून ठेव, हे त्याला सांगणे आमचे काम होते.

पुढे एका सभासदाच्या घरी कागदावरची एक प्रत सापडली. तीत डाव्या टोकाची बाई आहे. उजवीकडची कोण होती, ते आम्ही अजून जुन्या माणसांना विचारीत आहोत.