पान, पत्ता आणि पंख

कॅट असतो पत्त्यांचा, पण डावात आपण टाकतो ते पान. पत्ता आणि पान हे दोन्ही शब्द झाडावरून आले, एवढे सहज कळते. पण पत्ते हवेत उडवून झेलण्याची कला शिकणाऱ्या मुलांकडे पाहिले, की या दोन्ही शब्दांतला आणखी जुना अर्थ जागा होतो.

‘पत्ता’ संस्कृत ‘पत्र’वरून आला, मधला प्राकृत टप्पा ‘पत्त’. ‘पत्र’च्या मुळाशी ‘पत्’ हा धातू आहे आणि त्याचे अर्थ दोन: उडणे आणि पडणे. ज्याच्या योगे उडता येते ते पत्र, म्हणजे पंख. अमरकोशात पंखाच्या नावांत ‘पत्र’ आहेच. शिवाय पक्ष्याला ‘पत्ररथ’ म्हटले आहे, पंख हाच ज्याचा रथ तो. ‘पतंग’ याच धातूचा, आणि आपले रोजचे ‘पडणे’सुद्धा. इंग्रजीतला ‘फेदर’ही याच कुळातला. ‘पान’ आले ‘पर्ण’वरून, आणि पर्णाचाही एक अर्थ पंख. म्हणून तर गरुड सुपर्ण!

या कलेचे आजचे नाव कार्डिस्ट्री. कार्ड आणि आर्टिस्ट्री हे दोन शब्द जोडून ते घडले. तिचा एक साधा प्रकार पाहा. पत्त्याचा कोपरा तर्जनी आणि मधल्या बोटात धरायचा, मनगटाला झटका देऊन तो तिरका वर सोडायचा. जोर दंडाचा नव्हे, फिरकीचा. फिरकी नसेल तर दोन ग्रॅमही न भरणारा तो कागद तिथल्या तिथे गटांगळ्या खातो. फिरकी बसली, की तो आडवा स्थिर राहून वर चढतो, वेग संपताच क्षणभर थबकतो आणि त्याच उतारावरून हाताकडे परततो. फिरकीचे बळ केवढे, तर अमेरिकेच्या रिक स्मिथ (ज्युनियर) यांनी २००२ साली एक पत्ता ६५.९६ मीटर लांब फेकला.

नवशिक्याचा सगळा सराव त्या थबकण्याशी होतो. पत्ता वर जाताना हात त्याच्या मागे धावतो आणि तो निसटतो. उतरू लागेपर्यंत हात जागेवर ठेवला, तर पत्ता आपणहून बोटांत येतो. उडणे आणि पडणे ही एकाच हालचालीची दोन टोके आहेत, हे इथे हाताला कळते. ‘पत्’ धातूने ती एकाच अक्षरजोडीत बांधली, त्यामागे असेच बारीक निरीक्षण असावे असे मला वाटते.

हातात पत्ते गोलाकार पसरले, की आपण त्याला ‘पंखा’ म्हणतो; तोही पंखाचाच. तेव्हा ही कला मराठीत शिकवायची, तर शब्द उसने आणायला नकोत. पंखा उघड, पान उडव, पान झेल: एवढ्यात पहिला धडा पुरा होतो.