ज्यूरीला काय सांगितले गेले?

नानावटी खटला म्हटला की आम्हांला आधी मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ आठवते. शिरूर कासारसारख्या गावात कोर्टाशी ओळख व्हायची ती नाटक-सिनेमातूनच. त्यामुळे मनात ठसले ते एवढेच, की ज्यूरी भावनेच्या भरात वाहवत गेली आणि वरच्या न्यायालयाने तिला वेसण घातली. निकालपत्र वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की तेथला खरा वाद न्यायाधीशांनी ज्यूरीपुढे उच्चारलेल्या, आणि न उच्चारलेल्या, वाक्यांचा आहे.

२७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा मरण पावले. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ असा कौल दिला. न्यायाधीश मेहतांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे दोष सापडला तो मेहतांच्याच निवेदनात!

झटापटीत गोळ्या सुटल्या, असे बचावाचे म्हणणे होते. गुन्हा सिद्ध करण्याचा भार शेवटपर्यंत सरकार पक्षावरच असतो. पण अपघाताचा अपवाद मागणाऱ्याने ती परिस्थिती स्वतः दाखवून द्यावी लागते. हे दुसरे अर्धे वाक्य ज्यूरीच्या कानी पडलेच नाही. निवेदनात असा दोष असेल तर त्या काळी कौलाचे कवच गळून पडत असे आणि उच्च न्यायालय पुरावा स्वतः तपासू शकत असे. मग झटापटीनंतरही आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, हा प्रश्न पुढे आला.

बचावाचा पर्यायी मुद्दा होता गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा. आम्हांला तो पहिल्या कहाणीशी विसंगत वाटतो: हेतूच नव्हता म्हणायचे, आणि हेतू असलाच तर क्षम्य होता असेही म्हणायचे. शिवाय नानावटींनी दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले, कुटुंबाला सिनेमाला पोहोचवले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले. गोळ्या सुटल्या त्या चार वीसच्या सुमारास. राग निवायला एवढा अवधी पुरेसा होता, असे न्यायालयाने मानले.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. या खटल्यामुळेच ज्यूरी गेली, असे सर्रास लिहिले जाते. पण विधी आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस १९५८ सालीच केली होती, आहुजांच्या मृत्यूच्या आधीच.