आद्य ख्रिस्ती उपासनेचा शोध : महाराष्ट्रातील दोन प्रयत्न (१९१७–१९२३)

प्रस्तावना :
आद्य ख्रिस्ती मंडळीची उपासना पुन्हा उभी करावयाची, तर नेमके काय उभे करावयाचे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात दोन ठिकाणी विचारला गेला. साताऱ्यात ना. वा. टिळकांनी आणि अहमदनगरात जॅक विन्स्लो यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे शोधली. त्या दोन उत्तरांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर त्यांच्या त्यांच्या पंथाची उपासनाही येथे आली. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेल्या रॉयल गोल्ड वाइल्डर यांच्यामुळे प्रवचनप्रधान अमेरिकन वळण रुजले, तर अँग्लिकन मंडळ्यांत १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचे मराठी भाषांतर चालू लागले. भाषा मराठी झाली, तरी उपासनेचा साचा परकाच राहिला.

आद्य उपासनेचे एक जुने वर्णन इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर याने लिहिले आहे. रविवारी सर्वजण एकत्र जमत. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात. अध्यक्षाचा उपदेश झाल्यावर सर्वजण उभे राहून प्रार्थना करीत. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस यांवर उपकारस्तुती होऊन लोक 'आमेन' म्हणत. गैरहजर असलेल्यांकडे डीकन भाकर पोहोचवीत आणि जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी खर्च होई.

विन्स्लो यांची योजना :
विन्स्लो, फेस्टिंग, रॅटक्लिफ आणि डी. आर. व्ही. आठवले यांनी १९२० मध्ये भारतीय मंडळीसाठी स्वतंत्र प्रभुभोजन-विधीची मागणी करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला व विधीचा नमुनाही त्यास जोडला. नमुन्यासाठी त्यांनी संत याकोबाच्या नावाने चालत आलेल्या सिरियन विधीचा आधार घेतला. जेरुसलेम व अँटिऑक येथे वाढलेला हा विधी आशियाई होता आणि मलबारच्या सिरियन ख्रिस्ती समाजात तो वापरातही होता. डीकनच्या विनंत्यांना लोकांनी द्यावयाचे प्रतिसाद, शांतीची देवाणघेवाण आणि पवित्र आत्म्याचे आवाहन हे त्याचे विशेष होत. १६६२ च्या इंग्रजी विधीत शांतीची देवाणघेवाण व हे आवाहन नव्हते. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबई धर्मप्रांतात या विधीच्या प्रायोगिक वापरास मान्यता मिळाली. १९२२ मध्ये विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला.

टिळकांचा दरबार :
१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. त्यांच्या दृष्टीने प्रारंभीची मंडळी हा गुरूभोवती जमलेला शिष्यसमुदाय होता. त्यामुळे प्राचीन विधीच्या शब्दांचा शोध त्यांनी घेतला नाही. वारकरी परंपरेतील अभंग व कीर्तन हीच त्यांची उपासनेची साधने होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार बाल्यावस्थेतच राहिला. पुढे १९२३ मध्ये विन्स्लो यांनीच टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

विवेचन :
दोन्ही प्रयत्नांत मर्यादा दिसतात. सिरियन विधी आशियाई खरा; परंतु नगर जिल्ह्यातील खेड्यात तोही पुस्तकातूनच यावयाचा होता. तेथील बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातले होते व ग्रंथापेक्षा गाणे त्यांना जवळचे होते. दुसरीकडे, दरबाराला बाप्तिस्म्याची सीमा नको होती, तर जस्टिनच्या वर्णनानुसार ती भाकर केवळ बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळे. म्हणजे प्राचीनतेशी निष्ठा एकाच वेळी सर्व बाबतींत पाळता येत नव्हती. आद्य मंडळीत एकच मूळ विधी होता, हे गृहीतही नंतरच्या संशोधनात टिकले नाही. गावोगावच्या प्रथा आरंभापासून भिन्न होत्या, असेच आता मानले जाते.

तथापि एका बाबतीत जुने वर्णन येथे अधिकच बोलके ठरते. ज्या समाजात कोणाच्या हातचे खावे यावर जात टिकून होती, तेथे एका भाकरीतून सर्वांनी खाणे ही केवळ विधीतील एक पायरी राहत नव्हती.

निष्कर्ष :
१९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अँग्लिकन, प्रेसबिटेरियन आदी परंपरा एकत्र आल्या आणि उपासनेच्या रूपाचा प्रश्न पुन्हा सामायिक झाला. प्राचीन उपासनेची आखणी करताना शब्द, क्रम व वस्त्रे यांचा अभ्यास आवश्यकच आहे. परंतु पंक्तीत कोण बसते आणि जमलेले दान कोणापर्यंत पोहोचते, याचा विचार सुटला, तर केवळ प्राचीन विधीची नक्कल हाती राहील, असे या दोन प्रयत्नांच्या अभ्यासावरून म्हणता येते.