न्यूट्रॉनचा वेग किती उतरवायचा?

२२ ऑक्टोबर १९३४. रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी न्यूट्रॉनचा स्रोत आणि चांदी यांच्यामध्ये पॅराफिन मेण ठेवलं, आणि चांदीतली किरणोत्सारिता कित्येक पटींनी वाढली. मेणातल्या हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्याच वजनाचं. दोघांची टक्कर झाली की न्यूट्रॉनचा वेग झपाट्यानं उतरतो आणि मंद न्यूट्रॉन चांदीच्या केंद्रकात सहज अडकतो. वेग उतरवणाऱ्या पदार्थांची, म्हणजे मॉडरेटरची, कुळकथा इथून सुरू होते.

१९३६ मध्ये गॉर्डन लोकर यांनी मंद न्यूट्रॉनमध्ये कर्करोगावरचा उपाय पाहिला. मंद न्यूट्रॉन गिळला की बोरॉन-१० फुटतो आणि त्याचे तुकडे साधारण एका पेशीच्या रुंदीतच थांबतात. बोरॉन गाठीत साठवता आला, तर मार गाठीलाच बसणार!

१९५१ मध्ये अमेरिकेत ब्रुकहेवनच्या ग्रॅफाइट अणुभट्टीवर रुग्णांवर उपचार सुरू झाले. पण पुरते मंदावलेले न्यूट्रॉन वरच्या थरांतच संपत. मेंदूतल्या खोल गाठीपर्यंत फार थोडे पोचत. म्हणून एमआयटी या विद्यापीठात कवटी उघडून झोत सोडला गेला. बोरॉनची औषधंही गाठीत नीट साठत नव्हती. १९६१ मध्ये हे प्रयोग थांबले.

खरं तर वेग उतरवण्याचं शेवटचं काम शरीरच करतं, कारण उतींमध्ये हायड्रोजन मुबलक आहे. म्हणून झोत मधल्या ऊर्जेचा हवा, अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून दहा हजारांपर्यंत. मग न्यूट्रॉनना पुरतं मंदावणारं पाणी आणि मेण बाद! १९९४ मध्ये ब्रुकहेवनला उपचार पुन्हा सुरू झाले, तेव्हा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरलं होतं.

सर्वांत देखणं उत्तर मात्र फिनलंडचं. एस्पोमधली एफआयआर-१ ही अणुभट्टी जेमतेम २५० किलोवॅटची, तेव्हा न्यूट्रॉन वाया घालवणं परवडणारं नव्हतं. तिथल्या संशोधकांनी ६९ टक्के ॲल्युमिनियम फ्लोराइड, ३० टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का लिथियम फ्लोराइड यांची भुकटी उष्णता आणि दाब देऊन घट्ट केली: फ्ल्युएंटल. फ्लोरिन आणि ॲल्युमिनियमची केंद्रकं वेगवान न्यूट्रॉनना वारंवार अडवतात, पण हव्या त्या टप्प्यावर आलेल्यांना बऱ्यापैकी मोकळं सोडतात. फार मंदावलेले लिथियम टिपतं, तेही गॅमा किरण न सोडता. मला हा एक टक्का फार महत्त्वाचा वाटतो. १९९९ ते २०१२ या काळात तिथे रुग्णांवर उपचार झाले.

मार्च २०२० मध्ये जपाननं अणुभट्टीविना चालणाऱ्या यंत्राला डोकं आणि मानेच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. त्यात सायक्लोट्रॉनमधले प्रोटॉन बेरिलियमवर आदळतात आणि फार वेगवान न्यूट्रॉन निघतात. त्यामुळे शिसं आणि लोखंड आधी, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम फ्लोराइड नंतर.