पाहणे आणि करणे यांच्यामधली फट

मुरुडजवळच्या राजपुरी धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याकडे निघाले की एक गंमत अनुभवास येते. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्याच दिशेला आहे, पण अगदी जवळ जाईपर्यंत तो तटबंदीतून वेगळा ओळखू येत नाही. दरवाज्यापाशी पायऱ्या आहेत. उतरायला जागा थोडी. समजा, दोन होड्या दोन बाजूंनी तेथे आल्या. दोन्ही नावाड्यांनी पाहिले की पायऱ्यांशी होडी नाही, आणि दोघांनीही आपापली होडी पुढे घातली. दोघांचेही पाहणे खरे होते, तरी होड्या एकमेकींवर आदळणार. चूक पाहण्यात नाही. पाहिल्यापासून पोहोचेपर्यंत जो वेळ गेला, त्या वेळात ती आहे.

माणसे अशा वेळी एकमेकांना हाक घालतात आणि एक जण थांबतो. संगणकाच्या आत हाक घालणारे कोणी नसते. कोणी कधी थांबायचे हे तेथे आधीच लिहून ठेवावे लागते, आणि ते लिहिताना राहून गेलेली एखादी फट कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही. २००८ साली ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीत अशीच एक फट राहिली. विशेष म्हणजे ती राहिली संगणकाच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या भागात. तिची हकीकत आपण या लेखात पाहू.

संचयिकेची वही

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणारी आज्ञावली. तिच्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यायची, छापणीयंत्राशी किंवा जाळ्याशी कोणी बोलायचे, हे सर्व कर्नेल ठरवते. आजच्या संगणकात एकाहून अधिक प्रक्रियक असतात. ते एकाच वेळी, एकाच स्मृतीवर काम करतात.

यातून उद्भवणारी अडचण शाळेतल्या उदाहरणाने समजेल. संचयिकेच्या वहीत ५०० रुपये शिल्लक आहेत. एका शिक्षकाने ५०० हा आकडा वाचला, त्यात १०० मिळवले आणि वहीत ६०० लिहिले. दुसऱ्या शिक्षकाने त्याआधीच ५०० वाचले होते. त्याने त्यात ५० मिळवले आणि नंतर येऊन ५५० लिहिले. वहीतून १०० रुपये नाहीसे झाले. दोघांच्याही बेरजा बरोबर आहेत आणि कोणी लबाडीही केलेली नाही. या दोषाला संगणकशास्त्रात ‘रेस कंडिशन’ म्हणतात. आपण त्याला शर्यत-दोष म्हणू, कारण निकाल कोण आधी पोहोचतो यावर ठरतो.

१९६५ साली डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी हा प्रश्न काटेकोरपणे मांडला आणि कितीही जण असले तरी एका वेळी एकालाच आत सोडणारी रीत सिद्ध करून दाखवली. त्यांनी सुचवलेल्या एका साधनाचे नाव ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा हात असलेला सिग्नल. नाव चपखल आहे. रेल्वेने हा प्रश्न संगणकाच्या पुष्कळ आधी सोडवला होता. एकेरी मार्गावर चालकाच्या हाती गोळा दिल्याशिवाय गाडी पुढच्या स्थानकाकडे सुटत नसे. दोन्ही स्थानकांतील यंत्रे अशी जोडलेली असत की त्या पट्ट्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. समोरून गाडी येत नाही ना, हे चालकाने डोळ्यांनी पाहून ठरवायचे नाही. गोळा हातात आहे की नाही, एवढेच पाहायचे.

शर्यत-दोषाची खोड अशी की तो रोज दिसत नाही. दोन्ही शिक्षक एकाच घटकेला वहीपाशी आले तरच पैसे हरवतात. लाखातून एखाद्या वेळी घडणारी ही गोष्ट पकडायची, तर आत काय काय घडले आणि कोणत्या क्रमाने घडले याची अखंड नोंद हवी. त्यासाठी कर्नेलमध्ये नोंदक बसवतात.

अलिबागची सोय येथे नाही

नोंद करणारे उपकरण आणि त्याला होणारा उपद्रव हा विषय रायगड जिल्ह्याला नवा नाही. मुरुडपासून सुमारे ५० किलोमीटरवर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलणार आणि कागदावर पृथ्वीऐवजी ट्रामची नोंद उमटणार हे उघड होते. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. इमारत चुंबकीय नसलेल्या साहित्याने बांधली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी वेध घेतले, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ घालता येईल. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली, तोवर उपकरणे सुरक्षित जागी पोहोचली होती.

कर्नेलच्या नोंदकाला मात्र अलिबागला जाता येत नाही. ज्या स्मृतीत काम चालते तिथेच त्याला राहावे लागते, आणि ज्या प्रक्रियकांवर नजर ठेवायची त्यांच्यावरच त्याला चालावे लागते. त्यामुळे उपद्रव बाहेरून होण्याची भीती तर असतेच, पण नोंदक स्वतःच उपद्रव करील ही भीती त्याहून मोठी असते.

पाच बाइटांची जागा

लिनक्सचा ‘एफट्रेस’ हा नोंदक मुख्यतः स्टीव्हन रोस्टेट या अमेरिकन तज्ज्ञाने तयार केला. लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीसाठी तो २००८ साली कर्नेलमध्ये घेण्यात आला. त्याची रचना अशी. कर्नेलमध्ये हजारो छोटी कार्ये असतात. कर्नेल तयार करताना प्रत्येक कार्याच्या आरंभी नोंदकाला बोलावणारी एक आज्ञा घातली जाते. इंटेल जातीच्या प्रक्रियकावर ही आज्ञा पाच बाइटांची असते. पण नोंद नको असतानाही हजारो कार्यांनी दर वेळी नोंदकाकडे खेप घातली तर संगणक मंदावेल. म्हणून एक युक्ती केली होती. एखादे कार्य पहिल्यांदा चालले की नोंदक त्याचा पत्ता टिपून ठेवी. एक सेवक-आज्ञावली दर सेकंदाला जागी होई, टिपलेल्या पत्त्यांवर जाई आणि तेथील पाच बाइटांच्या जागी ‘काही करू नको’ अशी पाच बाइटांची आज्ञा लिही. नोंद हवी असेल तेव्हा तेथे पुन्हा मूळ आज्ञा लिहायची.

चालू असलेली आज्ञावली अशी बदलणे धोक्याचे असते. तीन बाइट नवे आणि दोन जुने अशा अवस्थेत दुसऱ्या प्रक्रियकाने ती आज्ञा वाचली, तर तो भलतेच करील. म्हणून सेवक लिहायला लागण्यापूर्वी इतर सर्व प्रक्रियक थांबवले जात. शिवाय दुसरी खबरदारीही होती. त्या पत्त्यावर अपेक्षित बाइट आहेत का हे आधी ताडून पाहायचे, जुळले तरच बदलायचे. त्यासाठी प्रक्रियकाची ‘तुलना कर आणि जुळल्यास बदल’ अशी एकसंध आज्ञा वापरली होती. सर्व जण थांबलेले, वर तपासणीही होते. यापेक्षा अधिक सावधगिरी ती कोणती, असे कोणालाही वाटले असते.

सप्टेंबर २००८

त्या सप्टेंबरात २.६.२७ ची चाचणी-आवृत्ती वापरणाऱ्या काही जणांची इंटेलची नेटवर्क कार्डे निकामी झाली. कार्डाच्या कायमच्या स्मृतीत त्याची ओळख आणि मांडणी साठवलेली असते. तीच बिघडली होती. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला तरी उपयोग होत नव्हता. प्रथम संशय आला ‘ई१०००ई’ या कार्डाच्या चालक-आज्ञावलीवर, मग पडद्यावरील चित्रे सांभाळणाऱ्या आज्ञावलीवर. लिनक्सच्या काही वितरकांनी आपल्या चाचणी-आवृत्त्यांतून ही चालक-आज्ञावलीच बंद करून टाकली. कार्डाच्या कायमच्या स्मृतीवर लिहिता येऊ नये म्हणून चालक-आज्ञावलीत कुलूपही घालण्यात आले. त्याने नुकसान थांबले, पण ते करणारा कोण हे कळले नव्हते.

शेवटी माग पोहोचला तो नोंदकापर्यंत. ज्याच्याकडे कार्डांच्या बिघाडाबद्दल कोणी पाहिलेही नव्हते, तोच कारणीभूत निघाला. घडत होते ते असे. कर्नेलला जोडल्या जाणाऱ्या विभागांत काही कार्ये फक्त आरंभी एकदा लागतात. ती चालून झाली की त्यांची जागा मोकळी करून दुसऱ्याला देतात. नोंदकाने अशा कार्याचा पत्ता टिपला. सेवक जागा होईपर्यंत ते कार्य संपले आणि जागा मोकळी झाली. तोच पत्ता आता कार्डाच्या कायमच्या स्मृतीकडे जाणारा झाला. मग सेवक उठला, त्याने सर्व प्रक्रियक थांबवले आणि त्या जुन्या पत्त्यावर जाऊन तुलना केली. तुलना जुळली नाही. म्हणजे काहीच बदलायला नको होते.

पण या आज्ञेचा एक गुणधर्म येथे नडला. तुलना जुळली नाही तरी ती त्या जागेवर लिहितेच. जे वाचले तेच परत लिहिते. साध्या स्मृतीत याने काही बिघडत नाही. उपकरणाच्या बाबतीत मात्र ‘लिहिणे’ हीच त्याला दिलेली आज्ञा ठरू शकते. सुरक्षिततेसाठी केलेल्या तपासणीनेच कार्ड बिघडत होते.

सर्वांना थांबवण्याची व्यवस्था असूनही हे कसे घडले, हा या हकीकतीतील मुख्य प्रश्न आहे. प्रक्रियक थांबवले जात ते लिहिण्यापुरते. फट होती त्याच्या आधी, पत्ता टिपणे आणि त्या पत्त्यावर जाणे यांच्यामध्ये. कुलूप मजबूत होते, पण ते दुसऱ्याच दाराला लावलेले होते.

दुरुस्ती

२.६.२७ ही आवृत्ती ९ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. कारण ध्यानात आल्यावर त्याच महिन्यात निघालेल्या २.६.२७.१ मध्ये नोंदकाचा हा भाग बंदच करण्यात आला. ही तात्पुरती मलमपट्टी होती. खरी दुरुस्ती डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या आवृत्तीत आली.

नव्या रचनेत तपासणी अधिक कडक करण्यापुरते थांबले नाहीत. ती फटच काढून टाकली. आज्ञा कोठे कोठे घातल्या आहेत याची यादी कर्नेल तयार होतानाच करून ठेवायची. संगणक सुरू होताना, दुसरे प्रक्रियक जागे होण्यापूर्वी, त्या सर्व जागा बदलून घ्यायच्या. मागाहून जोडल्या जाणाऱ्या विभागांच्या जागा, त्यांतील एकही कार्य चालण्यापूर्वी बदलायच्या. एकदाच चालून नाहीशी होणारी कार्ये यादीत घ्यायचीच नाहीत. दर सेकंदाला उठणाऱ्या सेवकाची मग गरजच उरली नाही.

सर्वांना थांबवण्याची रीत पुढे काही वर्षे राहिली. पुष्कळ प्रक्रियक असलेल्या यंत्रात तीही जड पडे. २०१२ साली इंटेल जातीच्या प्रक्रियकांसाठी निराळी रीत आली. पाच बाइटांपैकी पहिल्या बाइटच्या जागी ‘येथे थांबा’ अशी एका बाइटची खूण ठेवायची. एक बाइट अर्धवट लिहिला जात नाही, त्यामुळे भेसळीचा प्रश्न येत नाही. खूण सर्व प्रक्रियकांना दिसेल याची खात्री करायची, मग उरलेले चार बाइट बदलायचे, पुन्हा खात्री करायची आणि शेवटी पहिला बाइट बदलायचा. मधल्या काळात कोणी तेथे आलाच, तर खूण पाहून त्याला वळसा घालून पुढे नेले जाते. रस्त्याची दुरुस्ती करताना आधी फलक लावायचा, मग खणायचे आणि सर्वांत शेवटी फलक काढायचा, असा हा क्रम आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा दोष संगणकाशिवायही दाखवता येतो. फळ्यावर ० लिहा. दोन विद्यार्थ्यांनी फळ्यावरचा आकडा वाचायचा, मागच्या बाकापाशी जाऊन वहीत त्यात १ मिळवायचा आणि परत येऊन फळ्यावर जुन्याच्या जागी नवा आकडा लिहायचा. प्रत्येकाने असे दहा वेळा करायचे. शेवटी २० यायला हवेत. पण दोघांच्या खेपा एकमेकींत मिसळल्या की त्याहून कमी येतात.

दुसऱ्या फेरीत एकच खडू ठेवा. ज्याच्या हाती खडू त्यानेच लिहायचे. आकडा मात्र केव्हाही वाचावा. आता उत्तर बरोबर येईल असे मुले बहुधा सांगतील. करून पाहा, तरीही आकडे हरवतात. २००८ साली झाले ते हेच.

तिसऱ्या फेरीत नियम असा करा की वाचण्यापूर्वी खडू हातात घ्यायचा आणि लिहून झाल्यावरच ठेवायचा. आता बरोबर २० येतील. मात्र दुसऱ्याला ताटकळत उभे राहावे लागेल आणि फेरीला वेळ जास्त लागेल. तो किती लागतो हे घड्याळ लावून मोजायला सांगा. मग विचारा, उत्तर बरोबर ठेवून हा वेळ कमी कसा करता येईल? आकडा लक्षात ठेवून बाकापाशी जाण्याऐवजी फळ्यापाशीच बेरीज का करू नये, असे कोणी तरी म्हणेल. तोंडी बेरीज करून तशीही एक फेरी करून पाहा.