बंबवाले

पोर्तुगिजांनी आपल्या भाषेत सोडलेले शब्द मोजायला बसले की पाव, चावी, पगार यांच्यापाशीच बहुतेक जण थांबतात. आग विझवण्याचे साहित्य कोणाला आठवत नाही. बालदी त्यांची, पिंप त्यांचे, घमेलेही त्यांचेच. आणि बंब म्हणजे त्यांचा ‘बोंबा’, अर्थात पाण्याचा पंप. (बोंब मारणे यातली बोंब मात्र अस्सल आपली!) आमच्या जुन्या घरात न्हाणीपाशी तांब्याचा बंब होता. त्याच नावाची लाल गाडी घंटा वाजवत जाताना पाहिली की लहानपणी वाटायचे, कोणाकडे तरी एवढ्या मोठ्या आंघोळीचे पाणी चालले आहे.

हा बोंबा चालवणारा तो ‘बोंबेइरू’, म्हणजे आपला बंबवाला. पोर्तुगालमध्ये आज गावोगाव आग विझवायला धावतात ते बहुतेक बोंबेइरू स्वयंसेवक असतात, याचे मला पहिल्यांदा ऐकले तेव्हा नवल वाटले होते. एका युरोपीय देशाने असले काम हौशी माणसांवर कसे सोडले?

सुरुवात हौसेने झालेली नाही, सक्तीने झाली. 1395 साली, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी, राजा पहिला जुआंव याने लिस्बन शहरासाठी फर्मान काढले. आग लागली की सुतारांनी आणि जहाजांच्या फटी बुजवणाऱ्या कारागिरांनी कुऱ्हाडी घेऊन धावावे, बायकांनी पाण्याच्या घागरी आणाव्यात. कुऱ्हाडी कशाला? शेजारचे घर पाडून आगीची वाट तोडायला. लाकडी घरांच्या दाटीत तेवढाच उपाय हाती होता. पुढे हे काम पाणक्यांच्या गळ्यात पडले. लिस्बनमध्ये घरोघर पाणी विकणारे बहुतेक पाणके स्पेनच्या गालिसिया प्रांतातून आलेले गरीब लोक. त्यांच्यावर बंधन असे, की रात्री पिंप भरून ठेवायचे आणि आगीची घंटा झाली की ते घेऊन हजर व्हायचे. शहर वाचवण्याची जबाबदारी उपऱ्यांवर! 1755 च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीने मात्र हे सगळे थिटे पडले. शहर कित्येक दिवस जळत राहिले.

स्वेच्छेने बंब ओढण्याची कल्पना आली 1868 साली, आणि ती आणली एका संगीतकाराने. गिल्येर्म कोसूल हा सांव कार्लुश या लिस्बनच्या मोठ्या संगीतगृहात चेलो वाजवणारा, पुढे तिथल्या वाद्यवृंदाचे संचालन करणारा कलावंत. त्याने मित्र जमवून स्वयंसेवक बंबवाल्यांची तुकडी उभी केली. पोर्तोमध्ये काही वर्षांनी गिल्येर्म गोमिश फेर्नांदिश याने तेच केले. त्याच्या नेतृत्वाखाली पोर्तोच्या बंबवाल्यांनी 1900 साली पॅरिसमधील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग लहान लहान गावांनीही आपापल्या संघटना काढल्या. त्यांचा 1930 मध्ये देशव्यापी महासंघ झाला, आणि आज अशा चारशेहून अधिक संघटना आहेत. ‘जिवासाठी जीव’ हे त्यांचे ब्रीद.

गावातल्या संघटनेचा संसार आपल्याकडच्या देवस्थान समितीसारखा किंवा नाट्यमंडळासारखा चालतो. सभासदांची वर्गणी, सोडती, नाचाचे कार्यक्रम, अनेक ठिकाणी स्वतःचे वाद्यपथक. भोंगा वाजला की पाववाला भट्टी सोडतो, गवंडी थापी टाकतो. रुग्णवाहिकाही बहुधा त्यांचीच, त्यामुळे आग न लागलेल्या दिवशीही गावाला त्यांच्यावाचून चालत नाही.

पण याची किंमत काय, हे पाहायचे तर आर्मामारला जावे लागते. दौरो नदीच्या दक्षिणेला डोंगरात वसलेले, सफरचंदांसाठी ओळखले जाणारे हे गाव. सगळा तालुका धरला तरी आजची वस्ती सहा हजारांच्या आतबाहेर. 8 सप्टेंबर 1985, रविवार. डोंगरात वणवा लागला, गावचे स्वयंसेवक निघाले आणि ज्वाळांनी त्यांना घेरले. 14 बंबवाले एका दिवसात गेले. शहरात अशी बातमी वर्तमानपत्रातून कळते. एवढ्याशा गावात प्रत्येक शवपेटीमागे चालणारा माणूस उरलेल्या तेरांनाही ओळखत असतो. पुढच्याच वर्षी आगेदा येथील वणव्यात आणखी 13 बंबवाले मेले.

शौर्याच्या गोष्टी सांगताना एक प्रश्न आपण हलकेच बाजूला सारतो. कोसूलने तुकडी काढली ती शहरातल्या घरांच्या आगींसाठी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावांतले तरुण फ्रान्सला, जर्मनीला, लिस्बनला गेले. शेते पडीक झाली, झुडपे माजली, कागदाच्या कारखान्यांसाठी निलगिरीची लागवड वाढली. आग बदलली, माणसे तीच राहिली आणि दर वर्षी कमी होत गेली. जून 2017 मध्ये पेद्रोगांव ग्रांदच्या वणव्यात 66 माणसे मेली. बहुतेक जण गाडीतून पळताना रस्त्यावरच सापडले. आता अनेक संघटनांत पगारी कायम पथकेही ठेवलेली असतात. हे आधीच व्हायला हवे होते, असे माझे मत. स्वयंसेवकाचा सत्कार करणे सरकारला नेहमीच स्वस्त पडते.

हे सगळे वाचताना मला सत्तरी आठवत होती. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्याच्या डोंगरांत वणवे पेटले, तेव्हा साट्रेच्या कड्याकपारींवर बंब चढणेच शक्य नव्हते. वनखात्याची माणसे आणि त्यांच्याबरोबर स्थानिक लोक पायी वर गेले. आकाशात नौदलाचे हेलिकॉप्टर होते, आणि त्याच्याखाली दोराला टांगलेली एक भलीमोठी बालदी.